नाथसागरावर (जायकवाडी धरणाच्या जलाशयावर) सुट्टीत फिरायला येणाऱ्यांमुळे पक्षी खरंच कमी होतात का?

होतात, पण डबा खाऊन फेकलेल्या कचऱ्यापेक्षा मोठं कारण म्हणजे उघड्या जमिनीवरच्या अंड्यांची नासाडी. जायकवाडी 1986पासून पक्षी अभयारण्य आहे, तरी उन्हाळ्यात पाणी उतरलं की बेटं काठाला जोडली जातात आणि माणसं, कुत्री, गुरं थेट तिथे पोचतात. गाळपेरीची, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पीक घेण्यासाठीची, नांगरट असतेच.

नदी सुरय आणि टिटवी हे पक्षी घरटं बांधत नाहीत. वाळूत नुसता खळगा, त्यात दोन ते चार ठिपकेदार अंडी. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. चाळिशीपार उन्हात पक्षी पोटाची पिसं भिजवून येतो आणि अंडी गार ठेवतो. तुम्ही जवळच सतरंजी टाकलीत की तो वर ओरडत घिरट्या घालतो, खाली अंडी भाजून निघतात. उरलीसुरली कावळे नेतात.

फेब्रुवारी ते मे बेटांवर उतरू नका. टिटवी डोक्यावर झेपावली, तर आल्या पावलांच्या ठशांवरूनच मागे फिरा. फोटोसाठी अंडी शोधत बसणं सगळ्यात वाईट. होडी काठाशी हळू न्या, लाटेने पाण्यालगतचे खळगे बुडतात. नायलॉन जाळ्याचा तुकडा दिसला तर उचलून आणा, त्यात पाणकावळे अडकून मरतात.