कॉलेज सोडून आर्मीची तयारी?

"मॅडम, कॉलेज करत बसलो तर आर्मी राहून जाईल."

विक्रोळीचा मुलगा, एसवायबीकॉमला, एनसीसीचं दुसरं वर्ष. कॉलेज सोडून परीक्षा बाहेरून द्यायच्या आणि पुण्यात अ‍ॅकॅडमीत राहायचं, असा त्याचा बेत. वडील बेस्टमध्ये कंडक्टर. त्यांचं एकच म्हणणं, "आधी डिग्री हातात घे, मग काय ते कर." असं भांडण घेऊन माझ्याकडे दरवर्षी कुणी ना कुणी येतंच.

मी कागद पुढे ओढला. बारावीनंतरचा खडकवासल्याच्या एनडीएचा रस्ता वयामुळे मागे पडलेला. आता सीडीएस, म्हणजे पदवीवाल्यांसाठी सैन्यात अधिकारी व्हायची परीक्षा. ही परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते, पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाही फॉर्म भरता येतो. दुसरा रस्ता एनसीसीच्या स्पेशल एंट्रीचा. त्यात लेखी परीक्षा नाही, थेट एसएसबी, म्हणजे सैन्याची निवड-मुलाखत. पण पदवीला 50 टक्के लागतात आणि एनसीसीच्या 'सी' सर्टिफिकेटला निदान 'बी' ग्रेड.

"कॉलेज सुटलं की तुझं एनसीसीचं युनिटही सुटलं. मग 'सी'ची परीक्षा कुठून देणार?"

तो गप्प. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग खाली मान घालून म्हणाला, "अकाउंट्सला केटी आहे." विषय राहिल्याचं घरी बोलला नव्हता, आणि वडील तर शेजारीच बसलेले. आधी मुलाशी एकटं बोलायला हवं होतं. चूक माझी.

"केटी लागली म्हणून आर्मीत चाललास होय?"

"नाही पप्पा. आर्मी आठवीपासून आहे. केटी आत्ता लागली."

मला ते खरं वाटलं. वडिलांना वाटायला पंधरा दिवस लागले.

पुढच्या वेळी मी त्याला एसएसबीबद्दल सांगितलं. पाच दिवसांच्या त्या मुलाखतीत एका चाचणीत अर्ध्या तासात 60 प्रसंग समोर येतात, प्रत्येकात तू काय करशील ते लिहायचं. "तुझा पहिला प्रसंग घरातच आहे," मी म्हटलं. तो हसला. अकाउंट्ससाठी टीवायचा एक मुलगा गाठायचं त्यानेच ठरवलं.

अ‍ॅकॅडमीचा विषय मागे पडला. परेड नसेल त्या दिवशी सकाळी कन्नमवार नगरच्या मैदानात धावायचं, रात्री एक तास गणित, रविवारी जुने पेपर. ट्रेनमध्ये वाचायला मी सांगितलं नाही. तसा सल्ला देणारे लोक सकाळी साडेआठच्या लोकलमध्ये चढलेले नसतात. दहा दिवसांच्या कॅम्पची हजेरी बुडते, त्यासाठी एनसीसीच्या सरांकडून पत्र घेऊन कॉलेजात आधीच द्यायचं. हे मुलं हमखास विसरतात आणि सेमिस्टरच्या शेवटी धावपळ करतात.

केटी सुटली. टीवायला गेल्यावर सप्टेंबरची सीडीएस दिली, ती मात्र निघाली नाही. गणिताने घात केला. चेन्नईच्या ओटीए या अधिकारी प्रशिक्षण अकादमीसाठी गणिताचा पेपर नसतो, हे त्याला ठाऊक आहे. तरी डेहराडूनचं आयएमए, म्हणजे लष्करी अकादमी, त्याला सोडवत नाही, म्हणून पुढच्या फॉर्मात दोन्ही पर्याय भरणार आहे. 'सी'ची परीक्षा तोंडावर आली आहे.

परवा वडिलांचा फोन आला. मला वाटलं, पुन्हा बँकेच्या परीक्षेचं काढतील.

"मॅडम, त्याच्या बुटांचे तळ झिजलेत. धावायला कुठले घ्यायचे असतात?"