शिष्यवृत्ती ३० टक्के, सवलत ९ टक्के: आता जावं की वर्षभर थांबावं?

प्रश्न: माझ्या मुलीला पाणी व्यवस्थापनाच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी परदेशातल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे. विद्यापीठ ३० टक्के शिष्यवृत्ती देतंय. एकूण खर्चाचा पाव हिस्सा आमच्याकडे आहे, बाकीचं कर्ज काढावं लागेल. ती सध्या नोकरी करते. दोन महिन्यांनी नोकरीला दोन वर्षं होतील. वर्षभर थांबून पूर्ण शिष्यवृत्तीसाठी अर्ज करावेत, असं तिचं म्हणणं. मला वाटतं, हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं? मला निवृत्त व्हायला सात वर्षं आहेत. प्रवेशाचं पत्र सोबत जोडलं आहे.

उत्तर: पत्र जोडलंत हे फार बरं केलंत, कारण निम्मं उत्तर त्यातच आहे. शिष्यवृत्तीची ओळ पुन्हा वाचा. तिथे लिहिलंय, ‘पहिल्या वर्षाच्या शिक्षण शुल्कावर ३० टक्के’. म्हणजे राहणं, जेवण, विमा, प्रवास यांवर काही नाही आणि दुसऱ्या वर्षी तर काहीच नाही.

दोन वर्षांचा सगळा खर्च १०० धरू. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून त्यातले ६० शुल्काचे आहेत, ४० राहण्याखाण्याचे. पहिल्या वर्षाचं शुल्क ३०, त्याचे ३० टक्के म्हणजे ९. ३० टक्क्यांची शिष्यवृत्ती प्रत्यक्षात ९ टक्क्यांवर आली. तुमचे २५ घातले की कर्ज राहतं ६६. व्याज १० टक्के, शिक्षणाची दोन वर्षं व्याज नुसतं साचलं आणि मग दहा वर्षं हप्ते भरले, तर ६६ चे ढोबळमानाने १२५ होतात. मूळ शिक्षणाच्या खर्चापेक्षा जास्त, आणि तेही तुमची पुंजी ओतून झाल्यावर.

दुसरी गोष्ट तारखांची. शेवटचा हप्ता आजपासून बारा वर्षांनी, तुम्ही निवृत्त सात वर्षांनी. सहकर्जदार म्हणून तुमची सही असणार. मुलीला नोकरी मिळायला उशीर झाला, तर निवृत्तीनंतरची पाच वर्षं बँक तुमच्याकडे बघेल. म्हणून तुम्ही ज्याला ‘हातचं’ म्हणता, ते मला तितकंसं हातचं वाटत नाही.

पण मुलीचं म्हणणंही मी जसंच्या तसं मान्य करणार नाही. ‘पूर्ण शिष्यवृत्ती’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ऑक्सफर्डची ऱ्होड्स किंवा केंब्रिजची गेट्स केंब्रिज शिष्यवृत्ती येते. गेट्स केंब्रिज जगभरातून वर्षाला साधारण ८० जणांना मिळते. अर्ज जरूर करावा, पण वर्षभराचं नियोजन त्यावर बेतू नये. तिच्यासाठी खरी संधी दुसरीकडे आहे, आणि ती तिच्या नोकरीमुळे आहे.

ब्रिटन सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळवायला २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणजे साधारण दोन वर्षं. परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणाऱ्या जर्मनीच्या डाड (DAAD) या संस्थेकडे विकसनशील देशांतल्या उमेदवारांसाठी विकासाशी निगडित पदव्युत्तर अभ्यासक्रमांची वेगळी शिष्यवृत्ती आहे. तिलाही दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि आधीची पदवी शक्यतो सहा वर्षांपेक्षा जुनी नसावी लागते. पाणी हा विषय त्यांच्या यादीत हमखास असतो. म्हणजे आजवर ज्या दारांशी ती उभीच राहू शकत नव्हती, ती दोन महिन्यांनी तिच्यासाठी उघडणार आहेत. तुमचा देश त्या-त्या पात्र यादीत आहे का, एवढं आधी तपासा. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस संयुक्त अभ्यासक्रमांना अशी सरसकट अनुभवाची अट नाही. तिथे शिष्यवृत्ती मिळाली तर शुल्क भरावं लागत नाही आणि महिन्याला १,४०० युरो मिळतात.

या सगळ्यांचे अर्ज शिक्षण सुरू होण्याच्या बरेच आधी, बहुधा आदल्या शरद ऋतूत किंवा हिवाळ्यात, भरावे लागतात. प्रवेश हातात आल्यावर शिष्यवृत्ती शोधायला निघालेल्यांना म्हणूनच किरकोळ सवलतींवर समाधान मानावं लागतं. चेव्हनिंगचा अर्ज वेगळा आणि विद्यापीठाचा वेगळा. शिष्यवृत्ती पक्की व्हायला विद्यापीठाचा बिनशर्त प्रवेशही हातात लागतो. शिवाय शिक्षण संपल्यावर मायदेशी परतून दोन वर्षं राहण्याची अट आहे. कर्ज नसेल तर ती जड जात नाही. अर्धवट कर्ज काढून अशी अट स्वीकारायची असेल, तर इथल्या पगारात हप्ता बसतो का ते आधी बघा.

आणखी एक वाट लोक मोजतच नाहीत. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, फक्त सत्राची किरकोळ वर्गणी. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, तरीही ते इतर देशांच्या मानाने थोडेच. व्हिसासाठी २०२४ पासून वर्षाच्या खर्चापोटी ११,९०४ युरो ‘ब्लॉक्ड’ खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येईल अशा खात्यात, दाखवावे लागतात. ते पैसे दरमहा तुम्हालाच खर्चायला मिळतात. माझ्या मते ही शिष्यवृत्तीच, फक्त निवड समितीपुढे बसावं लागत नाही. तुमच्या हिशेबातले ६० इथे जवळपास पुसले जातात, आणि ३० टक्क्यांच्या आनंदात हे कुणी बघितलंच नाही.

तेव्हा माझं मत: थांबा, पण नुसतं बसून नको. नोकरी सोडायची नाही, कारण अनुभवाचे तास तिथूनच मिळणार. कर्जाचा जो हप्ता पडला असता, तेवढी रक्कम तिने आत्तापासून दरमहा वेगळ्या खात्यात टाकावी. जमली तर कर्ज तेवढं कमी. नाही जमली, तर तो हप्ता पुढे झेपेल का हेही आत्ताच कळेल. थांबण्याचीही किंमत आहे: शुल्क वाढेल आणि वरचा पगार वर्षभर उशिरा सुरू होईल. ६६ च्या कर्जापुढे मला ती परवडण्यासारखी वाटते. तुमच्या निवृत्तीच्या पैशांना दोन्ही परिस्थितींत हात लावायचा नाही.

अर्ज पाच-सहाच करावेत, पण नीट. तिच्या निबंधाचा मसुदा तुम्ही पाठवलात. ‘मला लहानपणापासून समाजासाठी काहीतरी करायची ओढ आहे’ ही ओळ हजारो अर्जांत असते. त्याच मसुद्यात खाली, जवळजवळ ओशाळून, तिने लिहिलंय की रात्री पाण्याचा वापर कमी असतो तेव्हाचा प्रवाह मोजून गळती शोधायचं वेळापत्रक तिने पथकासाठी बसवलं. ते वर आणा. कोण विरोधात होतं, काय बदललं, किती पाणी वाचलं, तेवढं लिहा. शिफारसपत्रासाठी साहेबांना आत्ताच सांगून ठेवा. आणि शिष्यवृत्ती मिळवून देतो म्हणून आधी पैसे मागणारा कुणी भेटला, तर फोन ठेवून द्या. पुढे बाहेरची शिष्यवृत्ती मिळाली तर विद्यापीठाला कळवावं लागतं, आणि काही विद्यापीठं, विशेषतः अमेरिकेतली, तेवढी स्वतःची मदत कापतात. ते आधी विचारून घ्या.

आता लगेच करायचं काम एकच. विद्यापीठाला ई-मेल करून विचारा: प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का, त्याबरोबर शिष्यवृत्तीही पुढे जाईल का, आणि दुसऱ्या वर्षासाठी वेगळी मदत आहे का. शिष्यवृत्ती पुढे जाणार नाही असं उत्तर आलं, तरी माझा सल्ला बदलत नाही, कारण त्या ९ टक्क्यांसाठी घाई करण्यात अर्थ नाही. उत्तर लेखीच घ्या, आणि ते येईपर्यंत प्रवेश पक्का करण्याची अनामत भरू नका. ती परत मिळणार नाही, असं त्याच पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलं आहे.