गडबडीत डोकं शांत कसं ठेवावं?
इंदूरला राजवाड्याजवळ गाडी अडकलेली, ऑफिसचे फोन चालू, घरी आई वाट बघतेय. अशा वेळी काय करावं, असं तुम्ही विचारलंय. आधी श्वास सोडण्याकडे लक्ष द्या. ताण आला की शरीरात सुटणाऱ्या अ‍ॅड्रेनलिनमुळे नाडी धावू लागते. सावकाश, लांब उच्छ्वासाने मेंदूपासून हृदयापर्यंत जाणारा व्हेगस मज्जातंतू तिला आवर घालतो. नाकाने 4 मोजत घ्या, 6 मोजत सोडा, दोनेक मिनिटं. खांदे नकळत कानाकडे चढलेले असतात, तेही सैल सोडा. (डोळे मात्र रस्त्यावरच हवेत!) मग गाडी बाजूला घेऊन आईला ‘उशीर होतोय, जेवून घे’ एवढं कळवा. साहेबांना नंतर, माझ्या मते घरच्यांचा घोर आधी मिटवावा. रागात लिहिलेला मेसेज तेवढा लगेच पाठवू नका, घरी पोचल्यावर पुन्हा वाचा.