ऑक्टाव्हिया आरएस २४५ चे सस्पेन्शन: सोलापूरच्या रस्त्यांसाठी काय निवडावे?

नमस्कार. आपल्या प्रश्नाचा मथितार्थ मला असा कळला. आपण २०२० ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ जुन्या मालकाकडून घेऊन सोलापुरात आणली आहे. पुणे महामार्गावर वेगात असताना लांबट उंचवट्यानंतर तिची मागची बाजू दोन-तीन वेळा हेलकावते, शहरातल्या गतिरोधकांवर पोट घासते, आणि वळणांवर ती अधिक घट्ट चालावी म्हणून ३० मिलिमीटरने खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा घ्याव्यात की कॉइलओव्हरचा (उंची कमी-जास्त करता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकचा) पूर्ण संच घ्यावा, हा आपला पेच आहे. माझे उत्तर असे आहे की दोन्ही घेऊ नयेत. गाडीची उंची आहे तेवढीच ठेवावी आणि पैसे शॉक ॲब्सॉर्बर, बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी भाग) आणि टायर यांवर खर्च करावेत. कारणे थोडी विस्ताराने सांगतो, कारण खाली बसवलेली गाडी म्हणजे चांगली चालणारी गाडी हा समज आपल्याकडे फार पक्का आहे.

भारतात या गाडीच्या फक्त २०० प्रती, त्याही पूर्ण तयार अवस्थेत आयात होऊन आल्या. २४५ अश्वशक्ती आणि ३७० न्यूटन-मीटर टॉर्क पुढच्या दोन चाकांवर जातो, आणि तो सांभाळण्यासाठी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एकच चाक घसरून फिरू न देणारी यंत्रणा, दिलेले आहे. मागे दोन्ही चाके जोडणारा साधा टॉर्शन बीम नसून प्रत्येक चाक स्वतंत्रपणे अनेक दांड्यांवर धरणारे मल्टिलिंक सस्पेन्शन आहे. मुख्य म्हणजे युरोपातल्या साध्या ऑक्टाव्हियाच्या तुलनेत आरएस कंपनीतूनच सुमारे १५ मिलिमीटर बसकी असते. तिच्यातून आणखी ३० मिलिमीटर काढायचे ठरवले, तर जर्मनीच्या रस्त्यांसाठी केलेल्या हिशेबातूनही आपण बाहेर पडतो.

खड्ड्यावर किंवा उंचवट्यावर चाक वर जाण्यासाठी जी जागा असते, तिला ट्रॅव्हल म्हणतात, आणि सस्पेन्शनची खरी पुंजी तीच असते. समजा, गाडी उभी असताना चाकाला वर जायला ८० मिलिमीटर जागा आहे. गाडी ३० मिलिमीटर खाली आणली की ५० उरते. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दाबाच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; त्यामुळे तोच धक्का ५० मिलिमीटरमध्ये पचवायचा असेल, तर स्प्रिंग ८० भागिले ५० च्या वर्गाइतकी, म्हणजे अडीच पटीहून अधिक कडक हवी. बाजारातल्या लोअरिंग स्प्रिंगा मात्र साधारण २० ते ३० टक्क्यांनीच कडक असतात, कारण त्याहून कडक स्प्रिंगेवर रोज बसणे कोणालाच सोसणार नाही. मधली तफावत बंपस्टॉपच्या, म्हणजे चाक पूर्ण वर गेल्यावर शेवटचा धक्का झेलणाऱ्या ठोकळ्याच्या, वाट्याला येते. पहिल्या दिवशी जी कडक पकड वाटते, ती पुष्कळदा बंपस्टॉपवर टेकलेल्या गाडीची असते, आणि वळणात असताना खड्डा आला की तीच गाडी उडी मारून बाजूला सरकते.

त्यात शॉक जुनेच ठेवले तर आपली हेलकाव्यांची तक्रार आणखी वाढेल. स्प्रिंग ३० टक्के कडक झाली आणि शॉक तोच राहिला, की डॅम्पिंगचे (हेलकावे शमवण्याचे) प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी घटते. आपल्या गाडीचे शॉक आधीच थकलेले दिसतात. उंचवट्यानंतर गाडी एका झोक्यात स्थिर व्हायला हवी, ती दोन-तीन झोके घेते हे त्याचे ठळक लक्षण आहे. म्हणजे आपण जे औषध निवडले आहे, ते नेमका आपला आजार वाढवणारे आहे.

वळणांबद्दलही एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला उभा खांब) असलेली गाडी खाली आणली की तिचा गुरुत्वमध्य जितका खाली येतो, त्याहून रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणात कलते तो) अधिक खाली जातो. त्यामुळे वळणात अंगाला कलवणारी तरफ लांब होते. शिवाय लोअर आर्म (चाकाला खालून धरणारी दांडी) आडव्या रेषेच्या पलीकडे वर झुकला की चाक दाबले जात असताना मिळणारा उपयुक्त कॅम्बरही (चाकाचा आतल्या बाजूचा कलही) कमी होतो. तुळजापूरच्या घाटात पुढचे टायर बाहेर सरकू नयेत अशी आपली इच्छा असेल, तर बसकेपणा त्या कामी येईलच असे नाही.

आता गतिरोधकांचे पाहू. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असावा. आपल्या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) सुमारे २.६८ मीटर आहे. म्हणजे पुढची आणि मागची चाके एकाच वेळी त्या गतिरोधकावर असू शकतात, आणि तेव्हा पोटाला प्रत्यक्षात ५ सेंटिमीटरच्या आसपासच मोकळी जागा लागते. असा गतिरोधक बसक्या आरएसलाही घासणार नाही. घासतात ते मोहल्ल्याने, दुकानदाराने किंवा ठेकेदाराने रातोरात उभे केलेले आखूड डांबरी उंचवटे, कारण पुढची चाके उतरून गेलेली, मागची अजून चढायची आणि मध्ये त्या उंचवट्याची पूर्ण उंची, अशी स्थिती तिथे येते. जुळे सोलापुरात किंवा होटगी रस्त्याच्या आतल्या वसाहतींमध्ये आपल्याला नेहमी सामना करावा लागेल तो याच प्रकाराशी. चार माणसे आणि सामान घेऊन अक्कलकोटला निघाल्यावर गाडी ढोबळमानाने तीन सेंटिमीटर आणखी खाली बसते. तेव्हा टाकी भरून, चार जणांना बसवून, इंजिनाखालच्या आवरणाच्या सर्वांत खालच्या बिंदूपासून जमिनीपर्यंतचे अंतर एकदा टेपने मोजावे. त्यातून ३० मिलिमीटर वजा केल्यावर जो आकडा उरेल, तो पाहून बहुधा आपणच विचार बदलाल.

सोलापूरच्या रस्त्यांचा एक स्वभाव निवडीवर परिणाम करतो. मंगळवेढ्याकडचा पट्टा भारी काळ्या मातीचा आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचा डांबरी रस्ता खड्डे पडण्याआधी लाटांसारखा होतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या त्यात चाकोऱ्या पाडतात, ते वेगळेच. अशा सलग लाटांवर शॉकचा रिबाउंड (दाबल्यानंतर परत लांबतानाचा विरोध) फार कडक असेल, तर दाबले गेलेले चाक पूर्ण खाली येण्याआधी पुढची लाट येते, आणि गाडी दर लाटेगणिक थोडी थोडी खाली खेचली जाऊन शेवटी बंपस्टॉपवर जाते. कॉइलओव्हरचे स्क्रू कडक बाजूला फिरवून ‘स्पोर्ट’ सेटिंग केले म्हणणाऱ्यांच्या गाड्या या रस्त्यांवर याच कारणाने उधळतात. दुसरी बाब उष्णतेची. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि डांबर त्याहून कितीतरी अधिक तापलेले असते. ट्विनट्यूब शॉकमध्ये तेल आणि वायू एकाच कप्प्यात असल्याने सलग धक्क्यांत तेलाला फेस येऊ शकतो आणि डॅम्पिंग ढिले पडते. मोनोट्यूबमध्ये तरंगता पिस्टन दोघांना वेगळे ठेवतो आणि तेलाची उष्णता नळीच्या भिंतीतून थेट बाहेर जाते.

नवे शॉक घेण्यापूर्वी गाडी तपासून घ्यावी. इतक्या वर्षांच्या गाडीत लोअर आर्मचे मागचे बुश, लिंक रॉड, पुढच्या स्ट्रटचे माउंटिंग आणि बेअरिंग, तसेच मागच्या मल्टिलिंकचे बुश यांपैकी काहीतरी नक्की सैल झालेले असते. हे भाग बदलल्याशिवाय महाग शॉक बसवणे म्हणजे ढिल्या चौकटीला नवे दार लावणे होय. पॉलियुरेथेनचे बुश मात्र रोजच्या गाडीत मी सुचवणार नाही. आपल्या धुळीत ते लवकर करकरू लागतात आणि रस्त्याचा प्रत्येक खडा आत ऐकू येतो. मूळ रबरी बुशच घ्यावेत.

शॉकसाठी माझी पहिली पसंती कोनी स्पेशल ॲक्टिव्ह या मालिकेला आहे, अर्थात आपल्या गाडीसाठी योग्य भाग क्रमांक मिळाला तर. चाकाची हालचाल वेगवान आहे की संथ, हे ओळखून त्यातली झडप डॅम्पिंग कमी-अधिक करते. त्यामुळे तुटक्या रस्त्यावर ते मऊ राहतात आणि महामार्गावरचा लांब हेलकावा धरतात. मूळ स्प्रिंगा तशाच ठेवता येतात. दुसरी पसंती बिलस्टीनचे मोनोट्यूब शॉक. त्यांचा सुरुवातीचा कडकपणा शहरातल्या कमी वेगात जाणवतो, पण वेगात आणि उन्हात ते अधिक खात्रीचे वाटतात, आणि आतल्या वायूच्या दाबामुळे गाडी किंचित वरच उचलली जाते, जे आपल्या पथ्यावरच पडेल. बिलस्टीनमध्ये बी ६ हे मूळ उंचीसाठी आणि बी ८ हे आखूड स्प्रिंगांसाठी असतात. आरएस कंपनीतूनच बसकी असल्याने यांपैकी कोणते, हे अंदाजाने ठरवू नये. बूटमध्ये स्पेअर व्हीलच्या खोबणीत कारखान्याचे पीआर कोड (गाडीत कोणते भाग बसवले ते सांगणारे सांकेतिक क्रमांक) छापलेले स्टिकर असते. त्याचे छायाचित्र आणि चॅसिस क्रमांक विक्रेत्याला पाठवून उत्पादकाच्या यादीशी ताडून घ्यावे. त्याच वेळी पुढच्या स्ट्रटच्या नळीचा व्यास मोजावा, कारण फोक्सवॅगन समूहाच्या या प्लॅटफॉर्मवर ५० आणि ५५ मिलिमीटर असे दोन व्यास वापरलेले आहेत. चुकीचा संच परत युरोपला पाठवण्याचा खर्च आणि आयातशुल्काचा घोळ, दोन्ही टाळावेत. हे शुल्क वस्तूच्या किमतीवरच नव्हे, तर वाहतूक आणि विमा धरून येणाऱ्या रकमेवर लागते, आणि त्यावर पुन्हा आयजीएसटी असतो. म्हणून परदेशी संकेतस्थळावरचा आकडा पाहून अंदाजपत्रक करू नये.

कॉइलओव्हर वाईट असतात असे माझे म्हणणे नाही. केडब्ल्यूचा व्हेरिएंट ३ किंवा ओलिन्सचा रोड अँड ट्रॅक हे संच उत्तम आहेत, आणि आपण ट्रॅकवर नियमित जाणार असाल तर त्यांचा विचार जरूर करावा. परंतु बहुतेक कॉइलओव्हर सर्वांत वर ठेवले तरी गाडी मूळ उंचीपेक्षा खालीच राहते. उंची बदलण्याच्या सोयीचे पैसे देऊन ती सोय वापरताच येऊ नये, हा व्यवहार मला पटत नाही. आटे धुळीने आणि चिखलाने भरतात, आणि संच पुन्हा तेल-वायू भरून दुरुस्त करायचा झाला तर तो निदान पुण्याला पाठवावा लागतो. स्वस्तातले अनोळखी संच तर नकोच.

वळणातला अंडरस्टीअर (पुढची चाके बाहेर सरकणे) कमी करायचा असेल, तर मागचा अँटिरोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून कलणे कमी करणारी दांडी) थोडा जाड बसवणे हा उंची न गमावता करता येणारा बदल आहे. मात्र एका चाकाला बसलेला धक्का तो दुसऱ्या चाकाकडेही पोहोचवतो, म्हणून सर्वांत जाड बार घेऊ नये, आणि समायोज्य असेल तर मऊ छिद्रातच ठेवावा.

टायरकडे मात्र जरूर लक्ष द्यावे. २२५/४० आर १८ मापाच्या टायरची भिंत ९० मिलिमीटर असते. २२५/४५ आर १७ घेतल्यास ती सुमारे १०१ मिलिमीटर होते आणि एकूण व्यासात अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरक पडतो, म्हणजे स्पीडोमीटरची अडचण येत नाही. दिसायला गाडी जरा साधी वाटेल, रिम मात्र वाचतील. १७ इंची रिम पुढच्या ब्रेक कॅलिपरवरून मोकळे फिरते का, हे प्रत्यक्ष चढवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. मूळ उंची आणि मूळ बसवणी कायम ठेवून झिजलेले शॉक बदलणे हे त्या दृष्टीने सर्वांत निर्धोक आहे. तरीही विमा कंपनीला लेखी कळवून पोच घ्यावी.

बसवणी कोण करतो यावर निम्मे यश अवलंबून असते. या समूहाच्या गाड्यांमधले सस्पेन्शनचे अनेक बोल्ट ताणून बसणारे, एकदाच वापरायचे असतात. नवे बोल्ट शॉकसोबतच मागवावेत आणि मिस्त्रीकडे टॉर्क रेंच आहे ना, हे संकोच न करता विचारावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लिफ्टवर चाके लोंबकळत असताना आर्मचे बोल्ट पूर्ण आवळू देऊ नयेत. रबरी बुश धातूच्या नळीला चिकटवलेले असतात. तसे आवळले तर गाडी खाली उतरल्यावर ते कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहतात आणि काही महिन्यांत फाटतात. आर्मखाली जॅक लावून चाक त्याच्या नेहमीच्या उंचीवर आणावे, म्हणजेच चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचे आधी मोजून ठेवलेले अंतर जुळवावे, आणि मगच शेवटचा टॉर्क द्यावा. त्यानंतर चारही चाकांचे अलाइनमेंट करून त्याचा छापील अहवाल जपून ठेवावा, हेडलाइटच्या उंचीचे सेन्सर पुन्हा शून्यावर आणून घ्यावेत, आणि सुमारे हजार किलोमीटर झाल्यावर उंची व अलाइनमेंट दोन्ही परत तपासावेत. पीआर कोडचे छायाचित्र आणि स्ट्रटचा व्यास आपण कळवलात, तर नेमके भाग क्रमांक शोधायला मी मदत करीन.