कल्टिव्हेटेड मीटला मराठीत काय म्हणायचं?

ताई, मुलीच्या विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर प्लांट-बेस्ड मीट आणि कल्टिव्हेटेड मीट, दोन्हींना 'कृत्रिम मांस' लिहिलं तर चालेल का असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नाही चालणार. या दोन पार वेगळ्या गोष्टी आहेत आणि 'कृत्रिम' हा शब्द दोन्हींपैकी एकीलाही नीट बसत नाही.

कल्टिव्हेटेड मीटमध्ये जिवंत जनावराच्या स्नायूचा बारीकसा तुकडा काढतात, त्यातल्या पेशी साखर, क्षार, अमिनो आम्लं असलेल्या द्रवात टाकीत वाढवतात. म्हणजे ते मांसच असतं, फक्त जनावराच्या अंगावर वाढलेलं नसतं. २०१३ मध्ये मास्ट्रिख्ट विद्यापीठाच्या मार्क पोस्ट यांनी लंडनमध्ये असा पहिला बर्गर सगळ्यांसमोर चाखायला दिला, तो एक बर्गर बनवायला अडीच लाख युरो लागले होते, आणि २०२० च्या डिसेंबरात सिंगापूरने असं चिकन विकायला परवानगी दिली, ती जगात पहिली.

'संवर्धित मांस' हा शब्द काही जण वापरतात. तो शास्त्राला धरून आहे, कारण टिश्यू कल्चरला, म्हणजे सजीवाच्या ऊतीचा छोटा तुकडा प्रयोगशाळेत वाढवण्याला, आपण ऊती संवर्धन म्हणतो आणि जळगावकडचा कुठलाही केळीवाला 'टिश्यूची रोपं' म्हणजे काय ते सांगेल. पण 'पशुसंवर्धन' हा शब्द लोकांच्या कानात इतका पक्का बसलाय की संवर्धित मांस म्हटलं की गोठ्यात वाढवलेल्या जनावराचं मांस वाटतं, नेमका उलटा अर्थ. म्हणून मी 'पेशीमांस' सुचवेन. सुटसुटीत आहे आणि कशापासून झालं तेही त्यात आलं. फक्त हिंदीवाल्यांसमोर जरा जपून, त्यांच्याकडे मांसपेशी म्हणजे स्नायू, पेशीला ते कोशिका म्हणतात.

आता प्लांट-बेस्डचं. यात जनावर नाहीच, मग मांस तरी का म्हणायचं? सोयाबीनचं तेल काढल्यावर जी पेंड उरते तिचं पीठ पाण्याबरोबर उष्णता आणि दाब देऊन बारीक तोंडातून बाहेर ढकलतात, आपल्या सोऱ्यासारखंच, आणि त्यात प्रथिनांचे धागे एका दिशेने जुळतात. भिजवलेली सोयावडी पिळून बोटांनी फाडून बघा, ते धागे सुटे होताना दिसतील! नवीन बर्गर-कबाबमागेही मूळ युक्ती हीच आहे. वर्षानुवर्षं आपण त्याला 'सोयावडी' म्हणतोय, कुणाची फसगत झाली नाही, तेव्हा 'सोयाचा कबाब', 'वाटाण्याच्या प्रथिनाचा बर्गर' असं सरळ म्हणावं. ज्याला सोया सोसत नाही त्याला नावातच कळलेलं बरं. कोवळ्या फणसाच्या भाजीला लोक 'शाकाहारी मटण' म्हणतात ते कौतुकाने, पाकिटावरच्या नावाची गोष्ट निराळी.

एक गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगतो. सोयाबीनचं रोप उपटून मुळावरची गाठ नखाने फोडली तर आत गुलाबी-लाल दिसते, तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच भाऊबंद. इम्पॉसिबल फूड्स ही अमेरिकन कंपनी तेच प्रथिन यीस्टकडून बनवून घेते आणि बर्गरमध्ये घालते, त्यातून मांसाचा रंग नि चव येते. तक्त्याजवळ अशी एक गाठ कापून ठेवता आली तर नक्की ठेवा.

'सामिष अन्न' लिहू का हेही तुम्ही विचारलंत. आमिष म्हणजे मुळात मांसच, गळाला लावायचं ते आमिष, त्यावरून पुढे लालूच हा अर्थ आला. पेशीमांस सामिषच, कारण पेशी जनावराच्या आहेत, कुणाला मारलं नसलं तरी. सोयाचा कबाब निरामिष. तेव्हा तक्त्याचे दोन भाग करा, डावीकडे 'पेशीमांस: जनावराच्या पेशी टाकीत वाढवून केलेलं', उजवीकडे 'सोयाचा कबाब: वनस्पतीच्या प्रथिनांचा', आणि डावीकडे टिश्यूच्या केळीच्या रोपाचं एक चित्र लावा म्हणजे बघणाऱ्यांना पटकन कळेल.