मुलीला नर्सिंग सोडायला लावू का?

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कळव्याहून पहाटे निघते, ठाण्याला गाडी बदलून नेरूळला जाते. न खाताच पळते, दिवसभर चहा-वडापाव, रात्री एकपर्यंत मोबाईल. आल्यावर भांडी आणि धाकट्याचा अभ्यास तेवढा बघते. तिचे सोळा सोमवार चालू आहेत. मागच्या सोमवारी वॉर्डात चक्कर येऊन पडली. हे तिला झेपणार नाही असं वाटतं. काढून घेऊ का? – एक आई, कळवा

उत्तर : ताई, काढू नका. उपाशीपोटी, नुसत्या चहावर सकाळची अख्खी ड्युटी उभ्याने केली तर कुणीही पडेल. त्यात नर्सिंगचा काय दोष? नवरा चांगला मिळावा हे ठीक, पण तोवर हिमोग्लोबिन टिकायला हवं ना! वॉर्डातली पोस्टिंग असेपर्यंत उपवास थांबवा आणि या आठवड्यात सीबीसी, म्हणजे रक्ताची तपासणी, करून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली आलं तर डॉक्टरांना दाखवा.

गंमत म्हणजे आहारशास्त्र तिला पहिल्याच वर्षी शिकवलंय. खाण्यासोबत चहा घेतला की अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही, हे ती पेशंटला सांगतही असेल आणि स्वतः वडापावबरोबर कटिंग मारत असेल. तिला कळत नाही असं नाही, सकाळी वेळ नसतो. म्हणून डबा रात्रीच भरून ठेवा : पोळीत गुंडाळलेली उसळ, दोन उकडलेली अंडी, शेंगदाण्याचा लाडू. ठाण्याला गाडीची वाट बघताना उभ्या उभ्या खाता येईल असंच काहीतरी. पाणी पिते का, तेही विचारा. वॉर्डात बाथरूमला जायला मिळत नाही म्हणून कित्येक मुली पाणीच पीत नाहीत, मग लघवीची जळजळ सुरू होते.

आता मोबाईल. भांडी आणि धाकट्याचा अभ्यास आवरला की अकराला तिला दिवसातला पहिला स्वतःचा तास मिळतो. मोबाईल काढून घेण्याआधी भांडी वाटून घ्या. धाकटाही घासू शकतो.

आजारपण तिला महागात पडेल. नर्सिंग कौन्सिलच्या नियमानुसार थिअरीला ८० टक्के हजेरी चालते, पण पदवी हातात पडण्याआधी प्रॅक्टिकलची १०० टक्के भरावी लागते. बुडालेली पोस्टिंग नंतर करावीच लागते.

आणि हो, तिला स्वतःला नर्सिंग आवडतं की नाही, हे पत्रात कुठेच नाही. विचारा, मग पुन्हा लिहा.