करमत नाही, म्हणजे नेमकं काय?

गणपती झाले की दरवर्षी माझ्याकडे समुपदेशनासाठी एकाच तऱ्हेचे फोन सुरू होतात. "मॅडम, आई-बाबांना इकडे आणलंय. आई रुळली, पण बाबांना करमत नाही. दिवसभर खिडकीशी बसतात, परत पाठवा म्हणतात. सहा महिने कसे निघायचे?" फोन कधी लंडनहून असतो, कधी टोरांटोहून, कधी सिडनीहून.

या सगळ्यांसाठी नानांची गोष्ट सांगते. त्यांच्या परवानगीने, आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

नाना सोलापूरकडचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. मुलीच्या बाळंतपणासाठी बायकोबरोबर लंडनला, वेम्बलीत गेले ते मनाविरुद्धच. ठरलं होतं तीन महिने. बाळ दिवस भरायच्या आधी झालं आणि मुक्काम व्हिसाच्या पूर्ण मुदतीपर्यंत, सहा महिन्यांवर गेला. हे नानांना कुणी विचारलं नाही, नुसतं सांगितलं. ऑक्टोबरअखेर तिथली घड्याळं तासभर मागे गेली. नोव्हेंबरात सव्वाचारलाच सूर्य मावळू लागला. जावई शनिवारी टॉवर ब्रिज दाखवून आणायचा. रविवारी नाना पुन्हा खिडकीत.

मुलीने व्हिडिओवर आमची भेट ठरवली.

माझी घडण मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीतली. त्यामुळे माझा कान आधी बोलण्यातल्या हट्टाच्या 'च'कडे जातो. नानांच्या बोलण्यात तो जागोजाग होता. "लेकीनं विचारायलाच पाहिजे होतं." "मला आता घरी गेलंच पाहिजे." पहिल्या दोन भेटी या 'च'मध्ये गेल्या. विचारलं असतं तर बरं झालं असतं, पण विचारलं नाही म्हणून लेक परकी झाली नाही, इथपर्यंत नाना आले. राग उतरला. खिडकी मात्र सुटेना.

तिसऱ्या भेटीत मी नोकरीचा विषय काढला.

"नाना, मुक्कामी गाडीची ड्यूटी लागायची?"

"लागायची की. कुठल्या कुठल्या गावात झोपलोय."

"तिथे करमायचं?"

"करमायचं काय त्यात, ड्यूटी होती. रात्री पारावर बसायचं. कोण आजारी हाय, कुणाला सकाळी तालुक्याला जायचंय, समदं कळायचं. दवाखान्याला निघालेली म्हातारी दिसली नाय तर दोन मिनिटं गाडी थांबवायची."

"तेही परकंच गाव होतं ना?"

नाना बराच वेळ गप्प राहिले. मीही मध्ये बोलले नाही. मग म्हणाले, "तिथं मी डबल बेल दिल्याबिगर गाडी हलत नव्हती, मॅडम. हितं माझ्यावाचून काय अडतंय?"

एवढी वर्षं मी 'करमत नाही' हे शब्द ऐकत आले आणि त्यात गावाची ओढ शोधत आले. नानांनी मला त्यामागचं वाक्य ऐकवलं: माझ्यावाचून काही अडत नाही. त्यांच्या बायकोला लंडन सोपं गेलं, कारण पहाटेपासून तिच्यावाचून अडत होतं. बाळाची आंघोळ, मालीश, लेकीचं खाणं. तिला शहर बघायलाही मिळालं नव्हतं, तरी ती रुळली. नानांना सगळं शहर दाखवून झालं होतं, पण त्या घरात त्यांचं काम कुठलंच नव्हतं.

चौथ्या भेटीला मुलीला बसवलं आणि एकच प्रश्न विचारला, "घरात काय अडतं?" ती म्हणाली, ताजी मेथी आणि अळीव. जावयाला शनिवारशिवाय ईलिंग रोडच्या बाजारात जाता येत नव्हतं. नाना ताठ बसले. तिथले बरेच दुकानदार गुजराती, हिंदी चालतं, हे कळल्यावर भाषेची भीती निम्मी झाली.

भाजीपासून बसपर्यंत नाना स्वतःच पोचले. सडबरी ते युस्टन जाणारी १८ नंबरची गाडी. "कंडक्टर नाय, घंटी पॅसेंजरच मारतो," त्यांनी मला सांगितलं, आणि पुढे हिशोब: तेव्हा तिकीट पावणेदोन पौंड, तासाच्या आत दुसरी बस धरली तर तिचे पैसे नाहीत. ६ डिसेंबरला ते एकटे गाडी बदलून किंग हेन्रीज रोडवर गेले. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले ते घर. निळ्या पाटीवरचं नाव वाचून, दाराशी हात जोडून, अंधाराआधी घरी परतले. सोबत कुणी नव्हतं, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

तेव्हा मुलांनो, आई-बाबांना शनिवारी फिरवण्याआधी सोमवारी सकाळचं एक खरं काम द्या. खरं, म्हणजे त्यांनी केलं नाही तर त्या दिवशी ते राहील असं. जीव रमावा म्हणून काढलेलं काम त्यांना लगेच ओळखू येतं. घराची किल्ली द्या, बसचं कार्ड द्या, आणि पहिल्यांदा रस्ता चुकले तर ओरडू नका. थंडीच्या देशात दुपारच्या आत त्यांना बाहेर पडू द्या; उजेडाचा मनावर फार परिणाम होतो. आणि मुक्काम वाढवायचा असेल तर तिकिटं बदलण्याआधी त्यांना विचारा. नाना पुढे मला म्हणाले होते, "विचारलं असतं तर हो म्हणालो असतो."

दोन आठवड्यांहून जास्त झोप किंवा भूक गेली असेल, माणूस बोलेनासा झाला असेल, तर मात्र कामाचा प्रयोग करत बसू नका. आधी डॉक्टर.

निघायच्या आठवड्यात नानांनी वहीच्या एका पानाचा फोटो पाठवला. सडबरीपासून युस्टनपर्यंतच्या स्टेजा देवनागरीत, प्रत्येकीपुढे मिनिटं. मे महिन्यात जावयाचे आई-वडील येणार होते, त्यांच्यासाठी. तळाशी ठळक लिहिलं होतं: 'बसमध्ये रोख चालत नाही. कार्ड बाळगणे.'